जुना सेगमेंट एडिट करावा की नवीन करावा? आणि डिलीट केल्यावर नेमकं काय होतं?

टिपकागद

नमस्कार मंडळी. मार्केटिंग रिपोर्टिंगचं काम नुकतंच माझ्याकडे आलं आहे. आधी जे हे काम बघत होते त्यांनी सेगमेंटची, म्हणजे वेबसाइटच्या ट्रॅफिकमधून हवा तो गट वेगळा काढणाऱ्या जपून ठेवलेल्या अटींची, मोठी यादी मागे ठेवली आहे. नावं अशी: ‘पेड नवीन’, ‘पेड नवीन २’, ‘पेड फायनल’, ‘टेस्ट’, ‘टेस्ट कॉपी’. कोणता कुठे वापरला आहे हे नावावरून अजिबात कळत नाही.

माझी मुख्य अडचण ‘पेड नवीन’ची आहे. त्याची अट आहे, यूटीएम मीडियम (लिंकच्या टॅगमधला, माणूस कोणत्या मार्गाने आला ते सांगणारा भाग) नेमकं ‘सीपीसी’ असावं, म्हणजे क्लिकमागे पैसे मोजलेली जाहिरात. आता आमची टीम सोशलवरच्या जाहिरातींना ‘पेड-सोशल’ असं मीडियम लावते. त्यामुळे ते सगळं ट्रॅफिक या सेगमेंटच्या बाहेर राहतं आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये पेडचा आकडा पडलेला दिसतो. अट वाढवणं अगदी सोपं आहे, पण हात लावायचं धाडस होत नाही.

सरळ एडिट केलं तर मागच्या तिमाहीचे पाठवून झालेले आकडे बदलतील का? आणि नको असलेले सेगमेंट डिलीट केले तर मूळ डेटा जाणार नाही ना? त्यांच्यावर उभे असलेले रिपोर्ट बंद पडतात का?

शिलालेख

आधी भीती घालवू. सेगमेंट डिलीट केल्याने डेटा जात नाही. सेगमेंट म्हणजे डेटाला विचारलेला आणि जपून ठेवलेला एक प्रश्न. प्रश्न पुसला तरी व्हिजिट, क्लिक, खरेदी यांच्या नोंदी जिथे होत्या तिथेच असतात.

पण याच कारणामुळे तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर ‘हो, बदलतील’ असं आहे. बहुतेक साधनांत सेगमेंटचं उत्तर रिपोर्ट उघडता क्षणी नव्याने काढलं जातं. आज अट बदललीत की मागच्या वर्षाचा रिपोर्टसुद्धा आजच्या अटीने मोजला जाईल. पाठवलेल्या पीडीएफमध्ये एक आकडा आणि डॅशबोर्डवर दुसरा. कुणी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला फार वेळ जातो. म्हणून मी हे प्रकरण कधीच हलक्यात घेत नाही.

आता एक फरक नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण गोंधळतात. रिपोर्टमधला सेगमेंट आणि जाहिरातींसाठी बनवलेला ऑडियन्स (जाहिरात दाखवायच्या लोकांची यादी) दिसायला सारखेच, पण स्वभाव उलटा. जीए४ (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४) मध्ये एक्स्प्लोरेशनमधला, म्हणजे आपण स्वतः मांडलेल्या सविस्तर रिपोर्टमधला, सेगमेंट मागच्या डेटावर लगेच लागू होतो. ऑडियन्स मात्र तयार केल्यापासून पुढे जमत जातो, मागची माणसं रिपोर्टमध्ये त्यात येत नाहीत. म्हणून ऑडियन्स काढून तसाच पुन्हा बनवला तर जमलेली माणसं परत मिळत नाहीत, मोजणी पहिल्यापासून सुरू होते. तिथे ‘डिलीट करून पुन्हा करू’ हा विचार महागात पडतो. तिसरा प्रकार ईमेलच्या साधनांतला. तिथे याद्या दोन तऱ्हेच्या असतात, अटीवर आपोआप बदलणाऱ्या आणि एकदा गोठवलेल्या. गोठवलेली यादी पुसली तर त्या दिवशी त्यात कोण होतं हे पुन्हा काढता येईलच असं नाही.

थोडक्यात, तुमच्या यादीत हात घालण्याआधी प्रत्येक नावापुढे लिहा, हा मोजून मिळणारा आहे की साठत जाणारा. साठणाऱ्यांना आत्ता हात लावू नका.

‘पेड नवीन’साठी माझा सल्ला: एडिट करू नका. कॉपी काढा, कॉपीत नवी अट घाला, जुन्याच्या नावात ‘अमुक महिन्यापर्यंत’ असं लिहा आणि पुढचे रिपोर्ट नव्यावर न्या.

रानवारा

वाचतोय. मलाही हीच अडचण आहे.

खडूफळा

शिलालेख, तुमच्या शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही.

इथे प्रश्न बदललेलाच नाही. ‘जाहिरातीला पैसे देऊन किती लोक आणले?’ हाच प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. बदललं ते टॅग लावण्याचं तंत्र. ज्या दिवशी टीमने ‘पेड-सोशल’ लिहायला सुरुवात केली त्या दिवसापासून जुना सेगमेंट चुकीचं उत्तर देतोय. मग ते चुकीचं उत्तर जपून ठेवण्यात काय हशील?

समजा जानेवारीत सर्चमधून ४००० आणि सोशलवरून १००० सेशन (साइटवरच्या भेटी) आली, सगळ्यांचं मीडियम ‘सीपीसी’. सेगमेंट ५००० दाखवतो. फेब्रुवारीत तेवढीच सेशन आली पण सोशलचं मीडियम बदललं. सेगमेंट ४००० दाखवतो. वीस टक्के घसरण! प्रत्यक्षात काहीच घसरलेलं नाही. अट दुरुस्त केली की जानेवारी ५०००, फेब्रुवारी ५०००. इतिहास बिघडला नाही, उलट नीट झाला. तुमच्या पद्धतीने दोन सेगमेंट ठेवले तर वर्षाचा एक सलग आलेख कसा काढणार? अर्धा जुन्यावर, अर्धा नव्यावर?

आणि टिपकागद यांच्याकडची यादी बघा. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘फायनल’. ही यादी कॉपी काढायच्या सवयीतूनच तयार झालेली दिसते. प्रत्येकाने जुन्याला हात न लावता नवीन केला, म्हणून आज कुणालाच कळत नाही खरा कोणता.

शिलालेख

खडूफळा, मुद्दा पटला. मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या. त्या सोडवून लिहितो.

डेटा वेअरहाउसच्या (कंपनीचा सगळा डेटा एकत्र साठवण्याच्या) कामातल्या लोकांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. राल्फ किंबल यांच्या मांडणीत त्याला ‘स्लोली चेंजिंग डायमेन्शन’ म्हणतात, म्हणजे सावकाश बदलणारी माहिती कशी ठेवायची. टाइप १ मध्ये जुन्यावर नवीन लिहायचं, जुनं उरत नाही. टाइप २ मध्ये जुनी नोंद तशीच ठेवून नवी जोडायची आणि कोणती कधीपासून कधीपर्यंत लागू होती ते सोबत लिहायचं. दोन्ही बरोबर आहेत. कुठलं कुठे वापरायचं एवढंच ठरवायचं.

तुमच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या उदाहरणात टाइप १ योग्य आहे. अर्थ तोच, फक्त अट अपुरी पडली होती. पण उद्या कंपनीने ठरवलं की पैसे देऊन करून घेतलेलं इन्फ्लुएन्सरचं कामही आता ‘पेड’मध्ये मोजायचं, तर तो अर्थातला बदल आहे. मागच्या वर्षी बजेट ठरवताना लोकांच्या मनात ‘पेड’ म्हणजे जे होतं, त्यात हे नव्हतं. तिथे जुन्यावर नवीन लिहिलं तर मागचे निर्णय कशावर घेतले होते हेच पुसलं जातं. तिथे टाइप २.

टिपकागद, तर तुमच्या बाबतीत खडूफळा यांचं ऐका. एडिट करा. मात्र एडिट करण्याआधी जुन्या अटीने आलेले महिन्यावार आकडे एका शीटमध्ये उतरवून घ्या, म्हणजे पाठवलेल्या पीडीएफमधला आकडा कुठून आला हे केव्हाही दाखवता येईल.

चांदणचुरा

डिलीटचा प्रश्न राहून गेला, त्यावर लिहिते. मी या साधनांच्या मागच्या बाजूला, डेटाबेसवर काम करते.

एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टींशी जोडलेली असताना ती पुसायला गेलात तर प्रणाली तीनपैकी एक काहीतरी करते. एक, ‘हा सेगमेंट अमुक रिपोर्टमध्ये वापरात आहे’ म्हणून पुसूच देत नाही. दोन, सेगमेंटबरोबर त्यावर अवलंबून असलेलंही पुसते. तीन, सेगमेंट पुसते आणि रिपोर्टमधली त्याची जागा रिकामी ठेवते.

सगळ्यात वाईट कोणतं असं विचाराल तर तिसरं. दुसऱ्यात निदान रिपोर्ट गायब झालेला दिसतो आणि कुणीतरी ओरडतं. तिसऱ्यात काही साधनं त्या चार्टवर त्रुटीची पट्टी दाखवतात, ते ठीक. पण सेगमेंट नुसता गळून पडला आणि चार्ट विनाअट सगळं ट्रॅफिक दाखवू लागला, तर आकडा सुबक दिसतो, आलेखही सुबक दिसतो, शीर्षकात अजून ‘पेड’ लिहिलेलं असतं, आणि आत मोजलं जातंय सगळंच. हे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात न येणं सहज शक्य आहे.

तुमचं साधन यातलं काय करतं हे मदतपानावर वाचण्यापेक्षा करून पाहा. एक ‘चाचणी’ सेगमेंट बनवा, एका फालतू डॅशबोर्डवर लावा, वेळापत्रकावर एक ईमेल लावा, मग सेगमेंट डिलीट करा आणि बघा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि उत्तर तुमच्याच साधनाचं, तुमच्याच आवृत्तीचं मिळतं.

यादी साफ करताना मी थेट डिलीट करत नाही. नावाच्या आधी ‘बंद’ असं लावते, म्हणजे सगळे एका ठिकाणी गोळा होतात. मग वाट बघते. किती? तर सगळ्यात सावकाश जाणारा रिपोर्ट एकदा जाऊन येईपर्यंत. आठवडाभर कुणी विचारलं नाही म्हणून पुसलं आणि तिमाहीचा रिपोर्ट त्यावरच होता, असं व्हायला नको.

यात एक धोका आहे तो आत्ताच सांगते. डॅशबोर्ड सहसा सेगमेंटला त्याच्या आयडीने ओळखतो, नाव बदलल्याने त्याला फरक पडत नाही. पण कुणी स्प्रेडशीट किंवा स्क्रिप्ट लिहून नावाने आकडे ओढत असेल, तर नाव बदलताच ते तुटेल. एका अर्थी बरंच, कारण वापरणारा लगेच समोर येतो आणि नाव परत बदललं की सगळं पूर्ववत. फक्त मोठ्या मीटिंगच्या आदल्या दिवशी हे करू नका.

टिपकागद

खूप आभार, एवढं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. खडूफळा यांचं उदाहरण तर आमच्याच रिपोर्टचं वाटलं.

अट कशी लिहू? ‘मीडियममध्ये पेड हा शब्द आहे’ किंवा ‘बरोबर सीपीसी’, एवढं पुरेल?

पायवाट

‘शब्द आहे’ ही अट जपून. ‘अनपेड’ असं मीडियम कुणी लावलं असेल तर त्यातही ‘पेड’ आहेच, तेही आत येईल. ‘पेडने सुरू होतं’ अशी अट लावा. जीए४ स्वतःच्या ठरलेल्या चॅनेल ग्रुपमध्ये (ट्रॅफिक कोणत्या मार्गाने आलं याच्या गटवारीत) पेड ओळखताना मीडियममध्ये ‘सीपी’ आहे का, ते ‘पीपीसी’ किंवा ‘रीटार्गेटिंग’ आहे का, किंवा ‘पेड’ने सुरू होतं का, हे बघतं. तुमची अट त्याच्याशी जुळती ठेवलीत तर दोन रिपोर्टमधल्या फरकाची उत्तरं देत बसावं लागणार नाही.

अक्षरं लहान-मोठी असण्याचाही फरक पडतो. यूटीएममध्ये एकाने कॅपिटल अक्षराने आणि दुसऱ्याने स्मॉलने ‘ईमेल’ लिहिलं तर दोन वेगळ्या ओळी दिसतात. सेगमेंटची अट ‘बरोबर’ असेल तर त्यातली एक सुटते. अट दुरुस्त करण्याआधी गेल्या वर्षभरात मीडियममध्ये काय काय लिहिलं गेलंय त्याची पूर्ण यादी काढा. त्यात काय काय सापडतं ते बघून थक्क व्हाल.

तुम्ही जीए४ वापरत असाल तर याला सेगमेंटपेक्षा कस्टम चॅनेल ग्रुप बरा पडेल. ठरलेला चॅनेल ग्रुप बदलता येत नाही, पण स्वतःचा बनवता येतो, तो मागच्या डेटावरही लागू होतो आणि नेहमीच्या रिपोर्टमध्ये सगळ्यांना दिसतो. त्यात नियमांचा क्रम महत्त्वाचा. वरून खाली बघत जातात आणि पहिला जो लागू पडेल तिथेच ट्रॅफिक जमा होतं. ‘पेड सोशल’चा नियम ‘सोशल’च्या वर ठेवा.

जाहिरातींच्या बाजूचंही सांगतो, कारण सफाईच्या उत्साहात लोक तिथेही पोचतात. गूगल अ‍ॅड्समध्ये कॅम्पेन (जाहिरात मोहीम) ‘रिमूव्ह’ केलं की त्याचा इतिहास रिपोर्टमध्ये राहतो, पण ते कॅम्पेन पुन्हा चालू करता येत नाही. पुन्हा लागण्याची जराही शक्यता असेल तर ‘पॉज’ करा. आणि कॅम्पेन चालू असताना त्याचं यूटीएममधलं नाव बदलू नका. जुन्या नावाची ओळ तिथेच थांबते, नव्या नावाची वेगळी सुरू होते आणि ‘कॅम्पेनचं नाव बरोबर अमुक’ अशी अट असलेला सेगमेंट अर्ध्यावर कापला जातो. यूटीएममध्ये आयडीसाठी वेगळं पॅरामीटर आहे, ते भरायची सवय टीमला लावा. नाव कुणीही बदलतं, आयडीला कुणी हात लावत नाही.

रानवारा

कस्टम चॅनेल ग्रुपचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली आहे.

खडूफळा

टिपकागद, एडिट करताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या, ती म्हणजे सेगमेंटचा स्कोप. अटीचे शब्द तेच ठेवून स्कोप बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो आणि अटीकडे बघून कारण सापडत नाही.

जीए४ मध्ये सेगमेंट तीन पातळ्यांवर बनतो: युजर (माणूस), सेशन (एक भेट), इव्हेंट (भेटीतली एकेक क्रिया). अडोबी अ‍ॅनालिटिक्स या दुसऱ्या साधनातही व्हिजिटर, व्हिजिट, हिट असे थर आहेत. समजा एक बाई जाहिरातीवर क्लिक करून आल्या, काही घेतलं नाही. चार दिवसांनी आमच्या ईमेलमधल्या लिंकवरून आल्या आणि खरेदी केली. सेशन पातळीवरच्या ‘पेड’ सेगमेंटमध्ये त्यांचं पहिलं सेशन येईल, खरेदी येणार नाही. युजर पातळीवर ठेवला तर दोन्ही सेशन येतील आणि खरेदीही येईल. दोन्ही आकडे खरे. पण कुणी ‘जरा बरा आकडा दिसावा’ म्हणून सेशनचा युजर केला आणि नाव तेच ठेवलं, तर ‘पेड’मधून येणारी विक्री एका रात्रीत वाढलेली दिसेल. सेगमेंटच्या नावातच स्कोप लिहा: ‘पेड, सेशन’ किंवा ‘पेड, युजर’.

आणि सेगमेंटच्या बेरजा करू नका. वरच्या बाई युजर पातळीवर ‘पेड’मध्येही आहेत आणि ‘ईमेल’मध्येही. सगळे सेगमेंट मिळवून एकूण युजर काढायला गेलात तर एकूणपेक्षा जास्त भरतील. यात काहीही बिघडलेलं नाही, पण वरिष्ठांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

चांदणचुरा

खडूफळा यांच्या प्रतिसादाला जोडून. सेगमेंट नेहमी मागच्या डेटावर नव्याने मोजला जातो हे खरं, पण मागचा डेटा असेपर्यंतच. जीए४ च्या साध्या प्रॉपर्टीत (साइटचा डेटा ठेवायच्या नेहमीच्या कप्प्यात) एक्स्प्लोरेशनसाठी तपशीलवार डेटा २ महिने किंवा १४ महिनेच राहतो, आणि मुद्दाम बदललं नाही तर २ महिने. तेव्हा टिपकागद, सेटिंगमध्ये जाऊन आधी हे बघा. २ वर असेल तर १४ करा. गेलेला डेटा त्याने परत येणार नाही, पुढचा टिकेल. हे केलेलं नसेल तर ‘सेगमेंट दुरुस्त करून मागचं वर्ष पुन्हा मोजू’ हा बेत एक्स्प्लोरेशनमध्ये तरी जमणार नाही.

मोठ्या साइटवर आणखी एक अडचण येते. साध्या प्रॉपर्टीत एका एक्स्प्लोरेशनच्या प्रश्नात १ कोटीहून जास्त इव्हेंट आले की नमुन्यावरून अंदाज काढला जातो. मग त्याच सेगमेंटचा आकडा तारखांची मर्यादा बदलली की थोडा हलतो. एडिटमुळे हलला असं समजून तासन्‌तास शोधत बसू नका, आधी सॅम्पलिंगची खूण बघा.

आणि सेगमेंटच्या व्याख्या साधनाबाहेर लिहून ठेवा, हे कळकळीने सांगते. जीए४ च्या आधीच्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ ला साध्या प्रॉपर्टींचा डेटा घेणं थांबवलं आणि जुलै २०२४ पासून तिथला डेटा उघडणंही बंद झालं. ज्यांचे सेगमेंट फक्त तिथेच होते त्यांच्याकडे आकड्यांचे जुने कागद उरले, पण ते आकडे कोणत्या अटीने काढले हे सांगायला काही उरलं नाही. स्क्रीनशॉट नको, मजकूर हवा. मजकुरात शोधता येतं.

टिपकागद

डेटा ठेवण्याची मुदत बघितली, २ महिनेच होती. लगेच १४ केली. चांदणचुरा, तुमचे मनापासून आभार.

शीटमध्ये असे रकाने केले आहेत: सेगमेंटचं नाव, स्कोप, अट मजकुरात, मोजून मिळणारा की साठणारा, कुठे वापरला आहे, कोण सांभाळतं, बदलाची तारीख, बदलाचं कारण. ‘टेस्ट’ आणि ‘टेस्ट कॉपी’ कुठेच लावलेले नाहीत असं दिसतंय, त्यांना ‘बंद’ लावलं. ‘पेड फायनल’ मात्र एका वेळापत्रकावरच्या ईमेलमध्ये निघाला, आणि तो ईमेल विक्रीच्या टीमला जातो. त्यांच्याशी बोलल्याशिवाय त्याला हात लावणार नाही.

‘पेड नवीन’चे जुने महिन्यावार आकडे उतरवून झाले. पुढच्या रिपोर्टच्या तळाला ही टीप घालणार आहे, बरी वाटते का बघा:

‘टीप: पेड ट्रॅफिकच्या व्याख्येत सुधारणा केली आहे. त्यामुळे काही आकडे आधीच्या रिपोर्टपेक्षा वेगळे दिसू शकतात.’

शिलालेख

रकाने उत्तम आहेत. एडिट करण्याचे हक्क कुणाकुणाला आहेत तेही एकदा तपासा. बघणाऱ्या सगळ्यांना एडिटचा हक्क असेल तर शीट आणि साधन लवकरच वेगळं बोलू लागतील.

टीप अजून मोघम आहे. ‘काही आकडे’ वाचून माणूस सगळ्याच आकड्यांवर संशय घेईल. कोणते, कधीपासूनचे, किती आणि का हे लिहा. असं काहीतरी:

‘टीप: फेब्रुवारीपासून सोशल जाहिरातींचं मीडियम बदलल्याने ती सेशन पेडमध्ये मोजली जात नव्हती. आता ती धरली आहेत. फेब्रुवारी व मार्चचे पेड सेशनचे आकडे त्यामुळे वाढले आहेत, जानेवारी व त्याआधीचे तेच आहेत. आधी पाठवलेले आणि सुधारलेले आकडे शेजारी शेजारी खालील तक्त्यात दिले आहेत.’

महिने तुमच्या टॅग बदलल्याच्या तारखेप्रमाणे घाला. आणि जानेवारीचे आकडे खरंच तेच राहिलेत ना, हे नवी अट लावल्यावर स्वतः ताडून बघा. त्यात फरक दिसला तर ‘पेड’ने सुरू होणारं आणखी एखादं मीडियम आधीपासून वापरात होतं असा त्याचा अर्थ. टीप पाठवण्याआधी ते शोधा.

टिपकागद

ताडून बघितलं. जानेवारीत फरक आलाच. ‘पेड-व्हिडिओ’ नावाचं मीडियम निघालं, ते कोणत्याच सेगमेंटमध्ये नव्हतं. आता ते कधीपासून लावलं जातंय ते जाहिरातवाल्यांना विचारते आणि टीप त्याप्रमाणे बदलते.